झँथन आणि जेलन: सूक्ष्मजीवांनी बनवलेले डिंक घरात कसे वापरावेत

टोमॅटो सॉसच्या किंवा सॅलड ड्रेसिंगच्या बाटलीची मागची बाजू उजेडात धरून वाचली, तर बारीक अक्षरांत ‘स्टॅबिलायझर ४१५’ असा उल्लेख अनेकदा सापडतो. हा आकडा झँथन गमचा आहे. ४१८ म्हणजे जेलन, ४२४ म्हणजे कर्डलान आणि १२०४ म्हणजे पुलुलान. हे चारही पदार्थ सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या बहुशर्करा आहेत, म्हणजे साखरेचे असंख्य रेणू साखळीत गुंफून बनलेले डिंक आहेत. लाडवात पडणाऱ्या बाभळीच्या किंवा धावड्याच्या डिंकाशी त्यांचे दूरचे नाते आहे, परंतु वापरण्याची रीत अगदी वेगळी आहे. लाडवाचा डिंक मुठीने घेतला जातो, तर झँथन ग्रॅमच्या दहाव्या भागात मोजावा लागतो. घरी हा डिंक फसण्याची बहुतेक कारणे या एका फरकाकडे झालेल्या दुर्लक्षात सापडतात.

झँथन तयार करणारा जीवाणू झँथोमोनास कँपेस्ट्रिस हा कोबीच्या शेतकऱ्याचा जुना शत्रू आहे. पानाच्या कडेने तो आत शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या शिरांमध्ये वाढतो. त्याने सोडलेल्या चिकट द्रवाने शिरा तुंबतात, पान कडेपासून पिवळे पडत जाते आणि शिरा काळ्या होतात. कोबीवरचा घाण्या रोग तो हाच. डाळिंबावरचा तेल्या आणि कागदी लिंबावरचा खैऱ्या हे रोगही याच कुळातल्या इतर जीवाणूंमुळे होतात, त्यामुळे सांगोल्याच्या किंवा नाशिकच्या बागायतदाराला या कुळाची ओळख करून देण्याची गरज नाही. वनस्पतीला घातक असलेला हा चिकटपणा माणसाच्या उपयोगाचा आहे, हे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या इलिनॉय राज्यातील पिओरिया येथील प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. अमेरिकेत १९६९ साली हा डिंक खाद्यपदार्थांत वापरण्यास परवानगी मिळाली. कारखान्यात हा जीवाणू साखरेच्या द्रावणावर मोठ्या टाक्यांमध्ये वाढवतात, नंतर उष्णतेने मारतात आणि अल्कोहोलच्या साहाय्याने डिंक वेगळा काढून, वाळवून दळतात. पाकिटात येते ती पांढरट, मैद्यासारखी पूड, आणि तिच्यात रोगाचा जिवंत अंश नसतो.

आधी मोजणे

साधारण अंदाज असा की पातळ ड्रेसिंग, चटणी किंवा सरबत यांसाठी एकूण वजनाच्या ०.१ ते ०.३ टक्के झँथन पुरतो आणि घट्ट सॉससाठी ०.५ टक्क्यापर्यंत जावे लागते. त्यापलीकडे गेल्यास पदार्थ दाट होण्याऐवजी बुळबुळीत होतो आणि भेंडीच्या तारेची आठवण करून देतो. पाव किलो चटणीला ०.२ टक्के म्हणजे अवघा अर्धा ग्रॅम पुरतो. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा इतके कमी वजन खात्रीने दाखवत नाही. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा आता फार महाग राहिलेला नाही, आणि या डिंकांवर नियमित काम करायचे असेल तर तो घ्यावाच.

काटा नसेल तर एक युक्ती आहे, आणि ती मला काट्यापेक्षाही अधिक सोयीची वाटते. १० ग्रॅम झँथन आणि ९० ग्रॅम पिठीसाखर एकत्र करून दोन-तीन वेळा बारीक चाळणीतून चाळून घ्यावी आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ‘एकास दहा’ अशी चिठ्ठी लावून ठेवावी. या मिश्रणाच्या १० ग्रॅममध्ये १ ग्रॅम डिंक असतो. पाव किलो चटणीला ५ ग्रॅम मिश्रण घातले की हिशेब बरोबर जुळतो, आणि चिमूटभर साखर तर पुदिन्याच्या चटणीत आपण एरवीही घालतोच. साखर नको असेल तेथे मीठ किंवा तांदळाची पिठी वापरता येते, मात्र मग पदार्थातले मीठ तेवढे कमी करावे लागते.

मग भिजवणे

झँथन थंड पाण्यातही विरघळतो, शिजवावा लागत नाही. हा त्याचा मोठा गुण आहे, पण गाठी होण्याचे कारणही त्यातच आहे. पुडीचा ढीग पाण्यावर पडला की बाहेरचा थर क्षणात फुगून चिकट कवच बनतो आणि आतली पूड कोरडीच राहते. अशा गाठी नंतर कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत. पहिल्यांदा मी चमचाभर पूड गरम सारात सरळ टाकली होती. साराची चव उत्तम होती, परंतु पातेल्यात बेडकाच्या अंड्यांसारखे गोळे तरंगत होते आणि शेवटी सगळे गाळून घ्यावे लागले.

यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे पुडीचे कण पाण्याला भेटण्याआधी एकमेकांपासून दूर करणे. वर सांगितलेले साखरेचे मिश्रण तेच काम करते. दुसरा मार्ग तेलाचा आहे: एक भाग झँथन पाच भाग तेलात कालवून ती पातळ लापशी फिरत्या मिक्सरमध्ये ओतली तर गाठी होत नाहीत. तिसरा मार्ग असा की मिक्सर चालू ठेवून पाण्याच्या भोवऱ्यात पूड चाळणीतून भुरभुरत सोडावी. यांपैकी कोणताही मार्ग घेतला तरी शक्यतो आधी साध्या पाण्यात डिंक भिजवावा आणि मीठ नंतर घालावे, कारण खारट पाण्यात तो फुगायला बराच वेळ लावतो. पूर्ण भिजल्यावर मात्र मीठ, लिंबू, चिंच, उष्णता, शीतकपाटातली थंडी यांपैकी कशाचाही त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही, आणि याच गुणामुळे लोणच्याच्या मसाल्यापासून सॉसपर्यंत तो सर्वत्र चालतो.

घोटताना एक गोष्ट नवशिक्याला हमखास फसवते. झँथनचे द्रावण स्थिर असताना दाट असते आणि हलवले की पातळ होते. सॉसची बाटली उपडी करूनही काही पडत नाही आणि एक थाप मारली की भसकन बाहेर येते, त्याचे कारण हेच आहे. मिक्सर फिरत असताना मिश्रण पातळ दिसते, म्हणून आपण आणखी चिमूट टाकतो. मिक्सर थांबतो, पाच मिनिटे जातात आणि चटणीचा लगदा झालेला असतो. म्हणून ठरवलेले प्रमाण घालून मिक्सर बंद करावा, १५ ते २० मिनिटे थांबावे आणि मगच निर्णय घ्यावा. घोटताना आत शिरलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने अडकून राहते आणि सरबत गढूळ दिसते. रात्रभर शीतकपाटात ठेवल्यास बरेचसे बुडबुडे वर येऊन निघून जातात.

कशात घालावा, कशात घालू नये

पुदिना-कोथिंबिरीची चटणी डब्यात ठेवली की तासाभरात कडेने हिरवे पाणी सुटते. सँडविचचा किंवा चाटचा व्यवसाय करणाऱ्याला हे पाणी रोज छळते. येथे ०.२ टक्के झँथन चोख काम करतो. मोठ्या समारंभासाठी आधी करून ठेवलेल्या सोलकढीत नारळाचे दूध वर आणि कोकमाचे पाणी खाली असे दोन थर होतात, ०.१ टक्क्याने ते बराच काळ एकजीव राहतात. घरी चार माणसांसाठी केलेल्या ताज्या सोलकढीत मात्र मी तो घालणार नाही, कारण सोलकढीच्या पातळपणातच तिची गंमत आहे आणि ती पिण्यापूर्वी एकदा ढवळणे कोणाला जड जात नाही. कुल्फीत किंवा घरगुती आइसक्रीममध्ये ०.१ ते ०.१५ टक्के पुरतो आणि त्याने बर्फाचे कण बारीक राहतात. तेथे निम्मा झँथन आणि निम्मा गवार गम घेतला तर दोन्ही मिळून एकट्यापेक्षा अधिक दाटपणा देतात, त्यामुळे एकूण प्रमाण आणखी कमी करता येते. गवार गम हा गवारीच्या बियांपासून निघतो. भारत हा त्याचा जगातला प्रमुख उत्पादक देश असून त्याचे बहुतांश पीक राजस्थानात येते, त्यामुळे तो झँथनपेक्षा स्वस्तही मिळतो.

भाकरीत झँथन घालण्याचा सल्ला अलीकडे ऐकू येतो, आणि तो मला पटत नाही. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला ताण देणारे चिवट प्रथिन, नाही, हे आपल्या आज्यांना शब्दाने ठाऊक नसले तरी हाताने ठाऊक होते. म्हणून त्या पिठात कडकडीत पाणी घालत किंवा उकड काढत. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी थापताना चिरत नाही. तेथे डिंकाचे काम आधीच झालेले असते. गरज पडते ती पावाला, कारण पावात यीस्टने सोडलेला वायू तासभर धरून ठेवायचा असतो, आणि तेवढा ताण नुसत्या फुगलेल्या स्टार्चला पेलत नाही.

सीलिएक आजार, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार, असलेल्या व्यक्तीसाठी ज्वारीचा पाव करायचा असेल तर १५० ग्रॅम ज्वारीचे पीठ, १०० ग्रॅम तांदळाचे पीठ आणि १०० ग्रॅम टॅपिओका किंवा बटाट्याचा स्टार्च घ्यावा. त्यात ६ ग्रॅम झँथन, म्हणजे पिठाच्या सुमारे १.७ टक्के, कोरडाच मिसळावा आणि सगळे दोनदा चाळून घ्यावे. ६ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १२ ग्रॅम साखर, ६ ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम तेल आणि सुमारे ३५० मिलिलीटर कोमट पाणी घालून चार-पाच मिनिटे जोराने फेटावे. हे कणकेसारखे मळले जाणार नाही. ते इडलीच्या दाट पिठासारखे दिसेल, आणि तसेच ते हवे. घाबरून त्यात कोरडे पीठ वाढवले तर पाव विटेसारखा होतो. तेल लावलेल्या साच्यात ओतून, ओल्या चमच्याने वरची बाजू सारखी करून, दीडपट फुगेपर्यंत ठेवावे. हवामानानुसार याला ३० ते ५० मिनिटे लागतात. दुपटीची वाट पाहू नये, कारण ग्लुटेन नसलेला पाव तेवढा ताणला की भट्टीत बसतो. १९० अंश सेल्सियसला ५० ते ५५ मिनिटे भाजून, पूर्ण गार झाल्यावरच कापावा. गरम असताना कापला तर आतला भाग ओला आणि चिकट लागतो आणि दोष विनाकारण डिंकाला दिला जातो.

याच ठिकाणी गिरणीविषयी सांगणे आवश्यक आहे. ज्वारी आणि तांदूळ यांत मुळात ग्लुटेन नसले, तरी कोपऱ्यावरच्या गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळलेले असतात आणि जात्यात उरलेले गव्हाचे पीठ आपल्या डब्यात येते. सीलिएकच्या रुग्णाला तेवढेही त्रासदायक ठरू शकते, म्हणून त्याचे पीठ घरघंटीवर किंवा गहू न दळणाऱ्या गिरणीतच दळावे. झँथनच्या पाकिटावरही ‘ग्लुटेनमुक्त’ असा उल्लेख पाहून घ्यावा, कारण जीवाणूला खायला दिलेली साखर कधी मक्यापासून तर कधी गव्हापासून मिळवलेली असते.

केकसाठी पिठाच्या ०.५ टक्के झँथन पुरे होतो. राजगिरा किंवा वरईच्या पिठाचे पराठे तुटत असतील तर तेथेही तेवढाच घालावा. तो उपवासाला चालतो की नाही, याचा निवाडा घरातल्या ज्येष्ठांकडून आधीच करून घेतलेला बरा.

गिळायला त्रास असलेल्या रुग्णासाठी

अर्धांगवायूनंतर किंवा पार्किन्सनच्या आजारात काही रुग्णांना पाण्यासारखे पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो आणि द्रव श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अशा वेळी पाणी, चहा, ताक दाट करून देण्याचा सल्ला मिळतो. कॉर्नफ्लोअरसारख्या स्टार्चने दाट केलेले पेय लाळेतल्या अमायलेज या विकरामुळे तोंडात आणि पेल्यातही पुन्हा पातळ होत जाते. झँथनवर या विकराचा परिणाम होत नाही आणि पाणीही बऱ्यापैकी पारदर्शक राहते. म्हणून रुग्णांसाठीच्या अनेक तयार पुडींमध्ये झँथन असतो.

किती दाट करायचे हे वाचा व गिळण उपचारतज्ज्ञाने ठरवायचे असते. घरच्यांनी ते अंदाजाने ठरवू नये. त्यांनी सांगितलेली पातळी घरी तपासण्यासाठी आंतरराष्ट्रीय पद्धतीत सिरिंजची एक सोपी चाचणी आहे. १० मिलिलीटरची सुई नसलेली सिरिंज घ्यावी. शून्यापासून १० च्या खुणेपर्यंतची तिची लांबी ६१.५ मिलिमीटर असायला हवी, कारण सगळ्या सिरिंज सारख्या नसतात. दट्ट्या काढून, तोंड बोटाने बंद करून १० मिलिलीटर पेय भरावे, बोट काढून बरोबर १० सेकंद वाहू द्यावे आणि पुन्हा बंद करावे. आत १ ते ४ मिलिलीटर उरले तर पहिली पातळी, ४ ते ८ उरले तर दुसरी, ८ पेक्षा जास्त उरून तरीही थोडे वाहत असेल तर तिसरी, आणि काहीच वाहिले नाही तर चौथी. पुडी मिसळल्यावर पाकिटावर लिहिलेला वेळ थांबूनच चाचणी करावी, नाहीतर आता पहिल्या पातळीचे वाटलेले ताक रुग्णाच्या हाती जाईपर्यंत तिसऱ्या पातळीचे झालेले असते. दुधाला आणि ताकाला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तान्ह्या बाळांना, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांना, अशी पुडी कधीही देऊ नये. आतड्यांच्या गंभीर आजाराच्या नोंदींमुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली झँथनयुक्त पुडीबाबत तसा इशारा दिला होता.

जेलन आणि बोअरचे पाणी

झँथन दाट करतो, पण वडी पाडत नाही. वडीसाठी जेलन लागतो, आणि तोही एका जीवाणूपासूनच मिळतो. त्याचे दोन प्रकार बाजारात येतात: ‘लो ॲसिल’ प्रकाराची वडी कडक, ठिसूळ आणि काचेसारखी स्वच्छ होते, तर ‘हाय ॲसिल’ प्रकाराची मऊ आणि लवचीक. पाकिटावर प्रकार लिहिलेला नसेल तर ते घेऊ नये. बदामाच्या किंवा सोयाच्या दुधात कोको तळाशी बसू नये म्हणून हाय ॲसिल जेलन वापरतात, आणि तेथे ०.०५ टक्क्याहूनही कमी प्रमाण पुरते.

जेलन थंड पाण्यात विरघळत नाही. तो थंड पाण्यात नीट पसरवून ९० अंशांच्या वर तापवावा लागतो. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे लो ॲसिल जेलन विरघळायलाच तयार होत नाही, पूड वाळूसारखी तळाशी राहते आणि माणूस माल बनावट समजून परत पाठवतो. आरओचे पाणी घेतले की प्रश्न सुटतो. कोकमाच्या वड्यांसाठी ५०० मिलिलीटर आरओच्या पाण्यात ३ ग्रॅम लो ॲसिल जेलन आणि ७० ग्रॅम साखर यांचे कोरडे मिश्रण ढवळत सोडावे, उकळी आणून दोन-तीन मिनिटे उकळू द्यावे, आणि मग २०० मिलिलीटर गरम आगळ-पाणी, म्हणजे कोकमाचा रस घातलेले पाणी, त्यात ओतून ताबडतोब ताटात घ्यावे. आगळ-पाणी थंड असेल तर पातेल्यातच गोळे बांधले जातात. आंबट पदार्थ शेवटी घालायचा, कारण आम्लात उकळत राहिल्यास डिंक कमकुवत होतो. वडी शीतकपाटाशिवाय घट्ट होते, आणि नागपूरच्या मे महिन्यातही ताटात पाणी होऊन पडत नाही. ताज्या अननसाचे तुकडे घातले तर जिलेटिन घट्टच होत नाही, कारण अननसातले विकर प्रथिने तोडते. जेलन हे प्रथिन नसल्याने त्याला ते बाधत नाही. चायनाग्रासचेही तसेच आहे, पण तो समुद्रशैवालापासून येतो आणि त्याची वडी इतकी स्वच्छ दिसत नाही.

कवकांकडून मिळणारे डिंक घरात फारसे हाताळले जात नाहीत. ऑरिओबॅसिडियम पुलुलान्स या काळसर कवकापासून मिळणाऱ्या पुलुलानचा पातळ, पारदर्शक पापुद्रा होतो. जिभेवर विरघळणाऱ्या पट्ट्या आणि काही शाकाहारी कॅप्सूल त्याच्याच असतात. भुईमुगाची खोडकूज करणारे स्क्लेरोशियम रोल्फ्साय हे कवक स्क्लेरोग्लुकान देते, आणि त्याचा उपयोग सौंदर्यप्रसाधनांत व तेलविहिरी खोदताना होतो.

प्रत्येक जीवाणूजन्य डिंक हवासा असतोच असे नाही. तोडलेला ऊस कारखान्याच्या आवारात तळपत पडून राहिला की तोडीच्या जागेतून ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जीवाणू शिरतो आणि साखरेपासून डेक्स्ट्रान बनवतो. रस दाट होतो, गाळण मंदावते, साखरेचे स्फटिक लांबट येतात आणि उतारा घटतो. हाच जीवाणू इडलीच्या पिठात मात्र आपण आनंदाने वाढू देतो, आणि याच डेक्स्ट्रानचे शुद्ध रूप शिरेतून देण्याच्या द्रवात वापरले जाते. ॲलीन जीन्स यांनी झँथनच्या आधी बरीच वर्षे याच डेक्स्ट्रानवर काम केले होते.

साठवण आणि साफसफाई

या सर्व पुडी हवेतला ओलावा ओढून घेतात. पावसाळ्यात उघडे पाकीट रबर लावून ठेवले तर महिन्याभरात त्याचा खडा होतो, म्हणून काचेच्या कोरड्या बरणीत, शक्यतो ५०-५० ग्रॅमच्या लहान भागांत ठेवावे आणि चमचा पूर्ण कोरडा असावा. पूड फरशीवर सांडली तर ओल्या फडक्याने पुसू नये. चमचाभर झँथनवर पाणी पडले की फरशी शेवाळलेल्या घाटाच्या पायरीइतकी निसरडी होते. आधी कोरड्या कुंच्याने सगळी पूड गोळा करावी, मग कोरड्या कागदाने पुसावे, आणि पाणी सर्वांत शेवटी. मिक्सरच्या भांड्याला चिकटलेला लगदाही आधी कागदाने पुसून कचऱ्यात टाकावा. तो तसाच मोरीत सोडला तर जाळीवर साचून पाणी तुंबते.